पाणी कुठवर आलं?

आमच्या नाशकात पुराचं माप कोणी फुटात विचारत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत येतं, पण घरातली माणसं एकमेकांना विचारतात, "मारुतीच्या कुठवर आलं?" गोदावरीच्या पात्रातच, रामकुंडाजवळ, दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी पायाला लागलं म्हणजे पाऊस बरा झाला. गुडघ्याला लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात. कमरेच्या वर चढलं की सराफ बाजारात, भांडी बाजारात माल पोटमाळ्यावर जायला लागतो. आणि डोक्यावरून गेलं की पुढची वीस वर्षं त्या पुराची गोष्ट सांगितली जाते. माझे आजोबा 1969 चा पूर सांगायचे. मला 2008 चा सांगता यायला हवा होता. सोळा वर्षं तो मला सांगता आला नाही.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भांडी बाजारात तांब्या-पितळेचं छोटं दुकान होतं. मी त्या दुकानात वाढले. शाळा सुटली की दप्तर गल्ल्याखाली टाकायचं आणि हंड्यांच्या उतरंडीआड बसून अभ्यास करायचा. तांबट आळीतून ठोक्यांचा आवाज सारखा यायचा, तो थांबला तर उलट चुकल्यासारखं वाटायचं. अण्णा गिऱ्हाइकाच्या हातात भांडं देण्याआधी बोटाच्या पेरानं त्याला टिचकी मारायचे आणि भांडं कानाजवळ धरायचे. "नाद बघ," म्हणायचे. "डोळ्याला फसवता येतं, कानाला नाही." कुठे चीर असेल, झाळ कच्ची असेल, तर नाद मध्येच बसतो. चांगल्या कळशीचा नाद लांबत जातो आणि कधी संपला ते कळत नाही. सातवी-आठवीत असताना मी डोळे मिटून, नुसत्या नादावरून, घागर कुठली आणि गडू कुठला ते सांगायचे.

हाच आवाज पुढे मला सोसेनासा झाला.

19 सप्टेंबर 2008, शुक्रवार. पितृपक्ष सुरू होता, त्यामुळे रामकुंडावर बाहेरगावची माणसं होती आणि ताम्हन-पळ्यांना मागणी होती. दोन दिवस पाऊस धरून होता. मी तेव्हा चोवीस वर्षांची, नुकतं बी.एड. झालेलं. अण्णांना मदत म्हणून गेले होते. पूर म्हटलं की नदी काठ सोडून चालत येते असं लोकांना वाटतं. आमच्याकडे तो आधी खालून येतो. सरस्वती नाला बाजाराखालून जाऊन गोदावरीला मिळतो, आणि नदी फुगली की नाल्याचं पाणी मागे रेटलं जाऊन गटारांतून वर येतं. गल्लीत पहिल्यांदा झाकणांच्या कडेनं बुडबुडे आले. मग घोटा. आम्ही भराभर पराती, घंगाळी वर चढवत होतो. अर्ध्या तासात गुडघा. अण्णा म्हणाले, आता राहू दे उरलेलं, चल.

ओट्यावरून खाली उतरलो तेव्हा पाणी माझ्या कमरेच्या वर होतं आणि त्याला ओढ होती. अण्णांच्या एका बगलेत गल्ल्याची पिशवी, दुसरा हात माझ्या हातात. चार पावलांवर त्यांचा पाय कशात तरी गेला. बहुतेक चेंबरचं झाकण वाहून गेलं असावं. ते एकदम गळ्यापर्यंत खाली गेले. माझा डावा हात त्यांच्या हातात होता, उजवा शेजारच्या ओट्यावरच्या लाकडी खांबाकडे. आणि मी त्यांचा हात सोडला. दोन्ही हातांनी खांब धरला.

दहा-बारा फुटांवर दोन पोरं एका दुकानाच्या पायरीवर उभी होती. त्यांनी अण्णांना सदऱ्याला धरून वर ओढलं. सगळं मिळून अर्धा मिनिट. मागे आमच्या दुकानात, वर न चढवलेले हंडे आणि कळश्या पाण्यावर तरंगत एकमेकींवर आपटत होत्या, शटरवर आपटत होत्या. तो आवाज.

कोणालाही काही झालं नाही. हे वाक्य मी त्या आठवड्यात शंभरदा ऐकलं असेल. चिखल उपसताना, भिजलेल्या वह्या उन्हात घालताना, डाग पडलेला माल वजनावर विकताना, जो येईल तो म्हणायचा, "जिवावरचं भांड्यांवर गेलं. कोणाला काही झालं नाही ना, मग झालं." आजीनं मात्र माझ्याकडे पाहून सांगितलं, "पोरीनं धसका घेतलाय." मीठ-मोहऱ्या घेऊन तिनं माझी दृष्ट काढली. पुढे वाचलेल्या सगळ्या पुस्तकी शब्दांपेक्षा मला आजीचा हा शब्द जास्त नेमका वाटतो. धसका आपण 'घेतो'. बाहेरचं काहीतरी आत येतं आणि राहतं. पुराचं पाणी ओसरलं तरी ते राहतं.

अण्णा त्या क्षणाबद्दल कधीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. 2017 साली ते गेले, हृदयविकारानं, दवाखान्यात. त्यांच्या उशाशी बसून मी त्यांचा हात धरला होता, आणि तेव्हाही मला तो दुसराच हात आठवत होता.

माझं सगळं वरवर ठीक चाललं होतं. शाळेत विज्ञान शिकवते, संसार आहे, मुलगी आहे. फक्त काही गोष्टी होत्या. लग्नाच्या हॉलमध्ये मागच्या बाजूला भांडी घासत असतील तर मी त्या दाराजवळ बसायची नाही. पावसाळ्यात रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. रस्ता ओलांडताना मी मुलीचा हात धरायची नाही, मनगट धरायची, घट्ट. "आई, दुखतं," ती म्हणायची. हात निसटतो, मनगट निसटत नाही. हा हिशेब माझ्या मनात कधी झाला ते मला माहीत नव्हतं. मग एका संध्याकाळी तिच्या हातून स्टीलची परात ओट्यावरून फरशीवर पडली आणि मी किंचाळले. रागावले नाही, किंचाळले. ती दहा वर्षांची पोर भिंतीला चिकटून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला ओळखीचं होतं. आता हीसुद्धा धसका घेणार, हे तेव्हा लख्ख कळलं.

आधी फॅमिली डॉक्टर झाले. छातीत धडधडतं म्हणून ई.सी.जी. काढला, तो व्यवस्थित आला. त्यांनीच एका मानसोपचार तज्ज्ञ बाईंचं नाव दिलं. गंगापूर रोडवरचं साधं क्लिनिक. दोन भेटींत माझं सगळं ऐकून घेतल्यावर मॅडम म्हणाल्या, "आपण ई.एम.डी.आर. करून बघू या का?" पूर्ण नाव आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग. त्यांनी ते सोप्या मराठीत सांगितलं: आठवणीची धार बोथट करायची, आणि मग ती तिच्या जागेवर नीट लावायची. आणि त्यासाठी म्हणे त्या माझ्या डोळ्यांपुढे बोटं हलवणार होत्या.

मी विज्ञान शिकवते. माझा पहिला विचार असा की हे मंत्र-तंत्राच्या जवळचं काहीतरी आहे. मी घरी येऊन वाचत बसले.

गोष्ट 1987 सालची. फ्रान्सीन शापिरो नावाची अमेरिकन बाई एका बागेत फिरत होती. मनात त्रासदायक विचार चालले होते, आणि तिच्या लक्षात आलं की ते विचार येताना डोळे आपोआप भरभर इकडून तिकडे हलताहेत, आणि नंतर त्याच विचारांचा त्रास कमी झालाय. मग तिनं मुद्दाम डोळे हलवून पाहिलं, ओळखीच्या माणसांवर पाहिलं. युद्धातून परतलेले सैनिक, अत्याचार सोसलेल्या स्त्रिया अशा 22 जणांवर केलेला तिचा पहिला अभ्यास 1989 मध्ये छापून आला. आघातानंतरच्या या दुखण्याला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत नाव मिळून तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. 1980 पर्यंत पी.टी.एस.डी., म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, हे निदानच त्या यादीत नव्हतं.

शापिरोवर टीका भरपूर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. रिचर्ड मॅकनॅली या अभ्यासकानं म्हटलं की या पद्धतीत जे परिणामकारक आहे ते नवीन नाही आणि जे नवीन आहे ते परिणामकारक नाही. म्हणजे असं, की सुरक्षित खोलीत, जाणत्या माणसासमोर, भीतीच्या आठवणीला पुन्हा पुन्हा सामोरं जाण्यानंच बरं वाटतं, बोटं हलवणं हा नुसता देखावा. 2001 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही असाच होता की डोळे हलवण्याची गरज दिसत नाही. 2013 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तशीच बेरीज मांडली आणि निष्कर्ष उलटा आला: डोळ्यांच्या हालचालीनं स्वतंत्र भर पडते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं पी.टी.एस.डी.साठी, मोठ्यांना आणि मुलांनाही, आघातावर केंद्रित असलेल्या वर्तनोपचाराच्या बरोबरीनं या पद्धतीची शिफारस केली. उपचार लागू पडतो यावर आज बऱ्यापैकी एकमत आहे, तो का लागू पडतो यावर नाही. मला हे वाचून उलट धीर आला. जिथे भांडण मोकळेपणानं चालू आहे तिथे कोणी गंडा बांधत नसतं.

'का'ची उत्तरं मात्र सुरेख आहेत. त्यातलं मला सर्वांत पटलेलं उत्तर नेदरलँड्समधल्या अभ्यासकांचं. आपण ज्याला चालू स्मृती म्हणू, म्हणजे या क्षणी मनात धरलेल्या गोष्टींची जागा, ती अगदी लहान असते. तव्यावर पोळी, कानाशी फोन आणि मुलीचा गृहपाठ एकाच वेळी सांभाळताना कशाचाच रंग गडद राहत नाही. आठवण मनात धरून त्याच वेळी डोळ्यांनी हलतं बोट पकडायचं म्हटलं की तेच होतं. दोन्ही कामं एकाच छोट्या ओट्यावर मांडलेली, त्यामुळे आठवणीचं चित्र फिकं पडतं. आणि आठवण वर काढली की काही काळ ती ओल्या मातीसारखी असते. 2000 साली करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की जागी झालेली भीतीची आठवण मेंदूत पुन्हा नव्यानं घट्ट व्हावी लागते. म्हणजे फिकी झालेली आठवण फिकीच परत ठेवली जाऊ शकते. दुसरं उत्तर झोपेचं. 1953 साली झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचालींचा शोध लागला. त्या टप्प्यात आपण ठळक स्वप्नं पाहतो आणि दिवसभराच्या अनुभवांची लावालाव होते, तेव्हा जागेपणीच्या हालचाली मेंदूला त्याच कामाला लावत असतील, असा एक अंदाज आहे. आणि 2019 मध्ये कोरियातल्या संशोधकांनी उंदरांना आलटूनपालटून दोन्ही बाजूंना सरकणारा उजेड दाखवला, तर त्यांची शिकलेली भीती जास्त टिकाऊपणे विझली. उजेडाचा माग घेणाऱ्या मेंदूच्या भागापासून भीतीच्या केंद्रापर्यंत जाणारी वाटही त्यांनी दाखवून दिली.

आपण म्हणतो, "ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही." मराठीत हे इतकं सहज आहे की त्यातलं शब्दशः सत्य माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. दृश्य हलत नाही, तर डोळे हलवायचे. यावर कोणी म्हणेल, बघा, आपल्या आजीची मोहऱ्यांची मूठही डोळ्यांपुढून अशीच फिरायची. तसं म्हणायचा मोह मलाही झाला. पण मी म्हणणार नाही. आजीच्या मुठीत माया होती, आणि तिनं ओळखलं हे फार मोठं होतं. उपचार ही वेगळी गोष्ट आहे, ती तपासून, चुकून, सुधारून इथवर आली आहे. दोन्हींचा मान वेगवेगळा ठेवावा.

पहिल्या तीन भेटींत बोटं हललीच नाहीत. कितीतरी लोकांना, मलाही, हे माहीत नसतं. या पद्धतीचे आठ टप्पे आहेत आणि डोळ्यांचं काम त्यातल्या चौथ्यात सुरू होतं. आधी पूर्वायुष्य, मग तयारी. मॅडमनी मला मनातली एक शांत जागा शोधायला सांगितली, जिथे केव्हाही परत येता येईल. मी पटकन म्हणाले, सोमेश्वरचा धबधबा. त्या क्षणभर थांबल्या आणि विचारलं, "तिथलं पाणी चालेल तुम्हाला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पोटात गोळा आला. मग आम्ही दुसरी जागा घेतली: पिंपळगाव बसवंतजवळचा मामांचा मळा, जानेवारीतली दुपार, द्राक्षांच्या मांडवाखालची हिरवी सावली आणि पायाखाली कोरडी, भुसभुशीत माती. कोरडी, हे महत्त्वाचं होतं.

मग त्यांनी ती आठवण पकडायला लावली. सगळा पूर नाही, एकच चित्र. मी म्हणाले, माझा उघडा पंजा, त्यातून निघून गेलेला अण्णांचा हात. "हे चित्र पाहताना तुम्ही स्वतःबद्दल काय मानता?" मी म्हणाले, मी अण्णांना सोडलं. "ते घडलं ते झालं. त्यावरून स्वतःबद्दल काय वाटतं?" बराच वेळ गेला. मग तोंडून आलं, "माझा भरवसा नाही." हे चार जणांत कधी म्हटलं नव्हतं, मनातही नाही. पण ऐकताक्षणी कळलं की गेली सोळा वर्षं मी याच वाक्यावर घर चालवतेय. त्याऐवजी काय मानायला आवडेल? "तेव्हा मला जेवढं जमलं तेवढं मी केलं." हे किती खरं वाटतं, एक ते सातमध्ये? दोन. आणि त्रास किती होतोय, शून्य ते दहामध्ये?

मला आकडा सांगता येईना. रोज मुलांना एकक लिहा म्हणून ओरडणारी मी, आणि मला स्वतःच्या त्रासाला आकडा देता येईना. शेवटी म्हणाले, "मारुतीच्या छातीच्या वर आहे. गळ्याला."

मॅडम नाशिकच्याच. त्यांनी वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आठ धरू या."

पुढे आमचं माप तेच राहिलं.

त्या माझ्या अगदी समोर नव्हत्या बसल्या, जरा बाजूला, एकमेकांच्या शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांसारख्या आमच्या खुर्च्या होत्या. "नको वाटलं तर हात वर करा, मी लगेच थांबेन. आणि आगगाडीत बसल्यासारखं समजा. बाहेर जे दिसतंय ते जाऊ द्यायचं. तुम्ही आत आहात." हे मला फार लवकर जमलं, कारण पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना समोरच्या बाईचे डोळे मी कितीदा पाहिलेत. खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाची बुबुळं सारखी एका बाजूला सरकतात आणि झटक्यानं परत येतात. त्याचं त्यालाही कळत नाही. कसारा घाटात बोगदा आला की थांबतात, उजेड आला की पुन्हा सुरू.

दोन बोटं, हातभर अंतरावर, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. पंचवीसेक फेऱ्या. "सोडून द्या. श्वास घ्या. आता काय येतंय?" जे येईल ते सांगायचं, चांगलं-वाईट ठरवायचं नाही. त्या फक्त म्हणायच्या, "बरं. त्याच्याबरोबर राहा," आणि पुन्हा बोटं.

पहिल्यांदा आला तो पाण्याचा रंग, चहात माती कालवावी तसा. मग वास, भिजलेल्या गोणपाटाचा. मग डाव्या खांद्यात कळ. मग माझी निळी चप्पल, जी वाहून गेली होती आणि तिचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं, अण्णा बुडत असताना चपलेचं वाईट वाटलं होतं. या चपलेपाशी मी रडले. खूप वेळ. हंडे आपटल्याचा आवाज इतका जवळून आला की मी हात वर केला आणि आम्ही थांबलो, मामांच्या मळ्यात गेलो, कोरड्या मातीवर उभ्या राहिलो. त्या दिवशी आकडा आठावरून नऊवर गेला. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं, दोन दिवस थकवा येईल, स्वप्नं पडतील, वहीत लिहून ठेवा. तसंच झालं. हे मी मुद्दाम लिहितेय. व्हिडिओ पाहून घरच्या घरी पेन हलवत हे करायला जाऊ नका. चित्र वर काढणं सोपं असतं. ते वर आल्यावर शेजारी कोण आहे यावर सगळं अवलंबून असतं.

चौथ्या की पाचव्या वेळेला, बोटं थांबली आणि मला अण्णांचा आवाज ऐकू आला. "खांब धर!"

मी डोळे उघडे ठेवून बसले होते. सोळा वर्षांत हे मला कधीच आठवलं नव्हतं. मी म्हणाले, मॅडम, ते म्हणाले होते, त्यांनीच सांगितलं होतं. मला वाटलं त्या म्हणतील, बघा, तुमचा दोष नव्हता. त्या म्हणाल्या, "ते खरंच म्हणाले होते का, हे मला ठरवता येणार नाही. तुम्हालाही कदाचित येणार नाही. आता ऐकू आलं, एवढं खरं. त्याच्याबरोबर राहा."

तेव्हा मला राग आला. आज मला वाटतं की त्या बाईंनी माझ्यावर केलेला सगळ्यात मोठा उपकार तो आहे. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फिल्म नव्हे. प्रत्येक वेळी काढली की तिला आजचा हात लागतो. ज्या आवाजाची मला इतकी गरज होती तो माझ्याच मनानं घडवला असणंही शक्य आहे. त्या आवाजावर मी माझी सुटका उभी केली असती तर एखाद्या रात्री शंका आली असती आणि सगळं पुन्हा कोसळलं असतं.

जे बदललं ते वेगळंच. पुढच्या फेऱ्यांत चित्र मागे सरकलं, आणि पंजाच्या मागे एक मुलगी दिसायला लागली. पंचेचाळीस किलोची, कमरेच्या वर पाण्यात, एका पायात चप्पल नाही. पलीकडे पाऊणशे किलोचा माणूस, पाण्याची ओढ त्याच्या बाजूला. दोघांचे हात ओले. मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला बल आणि घर्षण शिकवते. हे गणित मी एकदाही मांडलं नव्हतं. तिनं हात सोडला नसता तर हात सुटलाच असता आणि खांबही गेला असता. हे मला कोणी सांगितलं असतं, आणि नवऱ्यानं खरंच सांगितलं होतं, तरी ते नुसतं डोक्याला पटायचं. त्या खुर्चीत ते पोटाला पटलं. खांद्यातली कळ बसल्या जागी सैल झाली. त्या शेवटी शरीरावरून मन फिरवायला सांगतात, डोक्यापासून पायापर्यंत, कुठे काही अडकलंय का. पायाच्या अंगठ्यापाशी थोडं गार वाटत होतं, एवढंच.

एकूण नऊ भेटी झाल्या. सगळ्यांना इतक्यात होत नाही. लहानपणापासून वर्षानुवर्षं सोसलेल्यांना तयारीलाच महिने लागतात. दर भेटीचे पैसे आमच्यासारख्या घराला जाणवतात, हेही खरं आहे, आणि ते मला सलतं. कारण या शहरात मी एकटी नाही. 27 ऑगस्ट 2003 ला सिंहस्थाच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली, 39 माणसं गेली. त्या गल्ल्यांत त्या दिवशी लहान मुलंही होती, ती आज तिशीत असतील. 2021 च्या एप्रिलमध्ये रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली त्या दिवशी ज्यांनी आपल्या माणसाच्या नाकाशी हात धरून ठेवला, ती सगळी इथेच राहतात, भाजी आणतात, मुलांना शाळेत सोडतात. त्यांना कोणी विचारलं का, कुठवर आलंय? भूजच्या भूकंपानंतर बाहेरच्या प्रशिक्षकांनी येऊन आपल्याकडच्या तज्ज्ञांना ही पद्धत शिकवली, असं मी वाचलं. म्हणजे शिकलेली माणसं देशात आहेत. आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय. घाट बांधले जाताहेत, रस्ते रुंद होताहेत. गर्दीची तयारी म्हणजे मनाचीही तयारी, असं मला मनापासून वाटतं. निदान 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा नंबर तरी घाटाघाटावर लिहिलेला असावा. तिथे मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

मुलीला मी सगळं सांगितलं, तिच्या वयाला झेपेल तसं. मॅडमनी तिला शिकवायला एक गोष्ट दिली, फुलपाखराची मिठी. दोन्ही हात छातीवर फुली करून ठेवायचे आणि खांद्यांजवळ आलटूनपालटून हलकेच थोपटायचं, पंख हलल्यासारखं. 1997 मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोला पॉलिन नावाच्या चक्रीवादळानं आणि पुरानं झोडपलं, तिथल्या मुलांसोबत काम करताना लुसिना आर्तिगास या बाईंनी ती शोधली. पुरातून वाचलेल्या मुलांची युक्ती इतक्या लांबून आमच्या घरी आली. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलगी अंथरुणात पंख हलवत पडलेली असते.

गेल्या पावसाळ्यात गंगापूरचं पाणी सोडलं तेव्हा शाळेतल्या मैत्रिणी पूर बघायला होळकर पुलावर निघाल्या. अख्खं नाशिक जातं, मक्याची कणसं खात उभं राहतं. मी 2008 नंतर कधी गेले नव्हते. या वेळी मुलीला घेऊन गेले. पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत होतं. छातीत थोडं धडधडलं, मग राहिलं. पूल उतरलो आणि पाय आपसूक भांडी बाजाराकडे वळले.

आमचं दुकान आता दुसऱ्यांचं आहे. शेजारचे काका अजून बसतात, ऐंशीच्या घरातले. मी विचारलंच. तो दिवस आठवतो का, अण्णा काही ओरडले होते का. काका म्हणाले, आठवतो म्हणजे काय, संध्याकाळ होती, दिवे गेले होते, काही दिसत नव्हतं. माझ्या आठवणीत ती लख्ख दुपार आहे. ते म्हणाले, तुझा बाप वर आला तो त्या मोठ्या घंगाळ्यासाठी हळहळत, वाहून गेलं ना ते, गिऱ्हाइकाचं कलईला आलेलं होतं. मला घंगाळं अजिबात आठवत नाही. आणि माझ्याबद्दल? माझ्याबद्दल काही बोलल्याचं काकांना आठवत नव्हतं. मी पुढे विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही.

मुलगी तोवर ओट्यावर चढली होती. काकांनी समोरची पितळी कळशी उचलली, बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि तिच्या कानाजवळ धरली. नाद लांबत गेला. मी खांबाशेजारीच उभी होते, तिथेच उभी राहिले. मुलीनं डोळे मोठे केले आणि स्वतः एकेका भांड्याला टिचक्या मारत सुटली, हंडा, गडू, परात, पुन्हा हंडा.

"अगं, घ्यायचंय का काही तुझ्या आईला?" काका तिला विचारत होते.